जीपगाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या देवस्थान-समाजाला परका नाही. महाजनांच्या बैठकांतून तो पिढ्यान्‌पिढ्या उच्चारला गेला आहे. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देवालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. दिवाडी बेटावरील मूळ देवालय सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाले. लिंग नदीपलीकडे नार्व्यास आणले गेले. शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाच्या कामास प्रारंभ झाला. आणि आपल्या डोळ्यांदेखत, गोवा सरकारने करविलेल्या नूतनीकरणानंतर, ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. कौले, लाकूड, गिलावा या वस्तू नाशिवंत आहेत, त्या बदलतात. पीठ बदलत नाही. जीर्णोद्धाराचे सारे मर्म या एका भेदात साठविलेले आहे.

हाच शब्द एखाद्या मोटारगाडीस लावणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. देवालय ते देवालय आणि गाडी ती गाडी, हे खरेच. तथापि जीर्णोद्धारामागे जी दृष्टी आहे ती देवळाच्या आवारापुरती मर्यादित नाही. टिकाऊ काय ते ओळखावे, नाशिवंत ते वेळीच काढावे, आणि हाती असलेला पैसा प्रथम पायाला व मग कळसाला लावावा, ही ती दृष्टी. पेडणे व डिचोली या आपल्या उत्तरेकडील तालुक्यांत जीपगाडीने जी साठ-सत्तर वर्षे काढली, ती याच दृष्टीच्या बळावर. आज जुनी जीप स्वतःच्या हातांनी आणि बेताच्या खर्चात उभी करू पाहणारे तरुण गावोगाव भेटतात. ही हौस बाहेरून आली अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती येथल्या गरजेतून जन्मलेली विद्या आहे, आणि तिचा इतिहास ठाऊक असल्यावाचून तिचा व्यवहार नीट साधत नाही. म्हणून आधी इतिहास, मग व्यवहार, असा क्रम येथे धरला आहे.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली गेले. पेडणे तर १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून सर्वांत शेवटी गेले. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा. डिचोलीच्या पायथ्याशी मांडवी आणि तिला मिळणाऱ्या नद्या. जुन्या काबिजादीत जे रस्ते लवकर झाले, ते या भागात उशिरा आले. चढणीची जांभ्या दगडाची वाट, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि नदी आली की तरीची वाट पाहत उभे राहणे, असा येथला प्रवास होता. बैलगाडी व मेणा यांचा काळ संपून मोटारीचा काळ आला तेव्हा शहरातली नाजूक मोटार या वाटांवर फार दिवस टिकणारी नव्हती.

येथे एका जुन्या निर्णयाचे स्मरण करणे उचित होईल. १९२८ साली पोर्तुगाल देशाने आपली वाहतूक रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे नेली. गोव्यात मात्र ती डावीकडेच राहिली, कारण सीमेपलीकडचा सारा मुलूख डावीकडून चालत होता. राज्ये दोन असली तरी रस्त्याचा नियम एक होता. पुढे १९६१ नंतर भारतातील गाड्या गोव्यात आल्या तेव्हा या बाबतीत कोणास नवे काही शिकावे लागले नाही.

जीपगाडीचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी म्हणून १३५ कारखान्यांकडे विचारणा केली. बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी सिद्ध केला. परंतु उत्पादनाचा मोठा भार विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी उचलला. १९४५ पर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बांधल्या. ८० इंचांचे चाकांतर, २.२ लिटरचे चार सिलिंडरचे साधे इंजिन, तीन गिअर, आणि पुढच्या चाकांना जोर देणारी वेगळी पेटी, एवढीच तिची सामग्री. युद्ध संपले तेव्हा शिल्लक राहिलेल्या जीपगाड्या जगभर स्वस्तात विकल्या गेल्या. फिलिपाईन्स देशातील कारागिरांनी त्याच गाड्यांचे मागचे अंग लांबवून, बाके बसवून ‘जीपनी’ नावाचे प्रवासी वाहन निर्माण केले आणि सबंध देशाची वाहतूक त्यावर उभी केली. सैन्याने टाकलेल्या वस्तूतून सामान्य माणसाने आपली सोय करून घेतली, हाच जीपचा सर्वत्रचा इतिहास आहे.

भारतात हे काम महिंद्र बंधूंनी हाती घेतले. ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. त्याच सुमारास मुंबईत विलीस जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी नावाची उंच बॉनेटची जीप आली. बॉनेटची ही उंची शोभेसाठी नव्हती; इंजिनाचा एक व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आल्याने इंजिनच उंच झाले होते. अमेरिकेत ही जात १९६८ साली थांबली. भारतात तिचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालला.

गोव्यात त्या वेळी वेगळीच परिस्थिती होती. १९५४-५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमा बंद झाल्या. परंतु त्याच दशकात लोहखनिजाचा व्यापार भरास आला. जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढत होती, आणि डिचोली तालुक्यातील शिरगाव, पाळी, साखळी या परिसरात डोंगर फोडले जाऊ लागले. खनिज मालमोटारींतून नदीकाठच्या धक्क्यावर, तेथून बार्जींतून मुरगाव बंदरात, असा तो मार्ग. खाणींसाठी यंत्रे व गाड्या परदेशांतून येत. त्यांची दुरुस्ती करावयास मात्र परदेशातून कोणी येत नसे. भाताची शेती व नारळ-सुपारीची बागायत करणाऱ्या घरांतील मुले हातात पाना घेऊन उभी राहिली ती या काळात. देवीच्या होमकुंडासाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावच्या आसमंतात एका नव्या धंद्याची मुळे रुजली.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य दोडामार्गाकडून गोव्यात शिरले. माघार घेताना पोर्तुगीज फौजेने डिचोली, अस्नोडा व शापोरा नदीवरील पूल उडवून दिले. मुक्तीचे दर्शन या तालुक्यांना झाले ते असे, मोडलेल्या पुलांवरून व ओढ्यांच्या पात्रातून येणाऱ्या गाड्यांच्या रूपाने. दुसऱ्याच दिवशी साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

मुक्तीने सर्व काही दिले. परंतु मोटारीच्या मालकास एक अडचणही दिली. पोर्तुगीज काळात आलेल्या युरोपीय गाड्यांचे सुटे भाग आता येईनासे झाले, कारण भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. ज्या गाडीचे भाग मिळत नाहीत ती गाडी उभी राहते. अशा वेळी दोन मार्ग उरले. एक, भारतात बनणारी आणि जिचे भाग मुंबई, बेळगाव, कोल्हापूर येथे मिळतात ती जीप घेणे. दुसरा, भाग मिळत नसेल तर तो स्वतः घडविणे. आपल्या मिस्त्री लोकांनी दोन्ही मार्ग एकाच वेळी चोखाळले. विकास गटाचे कार्यालय, आरोग्यकेंद्र, खाण, निवडणुकीचा प्रचार, लग्नाचे वऱ्हाड, सर्वत्र जीप दिसू लागली.

भाग घडविण्याची ही विद्या कशी होती ते थोडे तपशिलाने सांगावयास हवे. झिजलेला भाग मिस्त्री कधी टाकून देत नसे, कारण तोच नमुना होय. झिजलेले बुश हातात धरून लेथवाला पितळेचे नवे बुश कातून देई. ब्रेकच्या नालांवर नवे लायनिंग रिव्हेट मारून बसवीत. गळणाऱ्या रेडिएटरला कल्हईवाल्याच्या कौशल्याने डाख देत. बसलेल्या कमानपाट्यांना तापवून पुन्हा कमान मारीत. स्टार्टरच्या तारा हाताने गुंडाळीत. जे गावात होत नसे ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवीत. तेथील ओतशाळा व लेथ म्हणजे दक्षिण महाराष्ट्राचे आणि आपलेही मोठे आजोळच. या विद्येचे पुस्तक नव्हते. ती बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पोऱ्याकडे, शिव्यांच्या व शाबासकीच्या संगतीने जात असे.

१९७३ साली जगात तेलाचे संकट आले आणि पेट्रोल महागले. पेट्रोल भरपूर पिणारे जीपचे इंजिन परवडेना. तेव्हा पेट्रोलचे इंजिन उतरवून त्या जागी डिझेलचे बसविण्याची लाट देशभर आली. पुढे महिंद्र कंपनीनेच फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला, इगतपुरीस इंजिनांचा कारखाना चालविला, आणि १९८५ च्या सुमारास एमएम-५४० ही डिझेल जीप बाजारात आणली. त्याच वर्षी मारुतीची जिप्सीही आली. हरियानातील मंडी डबवाली हे गाव तर सैन्याच्या लिलावात निघालेल्या जीपगाड्या नव्याने बांधण्याबद्दल साऱ्या देशात प्रसिद्ध झाले. आज ज्या जातीच्या गाड्यांस ‘एसयूव्ही’ असे भारदस्त नाव आहे, त्यांचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे ही उघड्या अंगाची, ताडपत्रीच्या छताची जीप.

या इतिहासाचे शेवटचे प्रकरण तितके सुखाचे नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाल्या, तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. खाणींनी डोंगराची व शेताची जी हानी केली ती लहान नव्हती, आणि न्यायालयाचा निर्णय कशासाठी झाला हे आपण जाणतोच. परंतु मालमोटारी थांबल्या तेव्हा त्यांच्यावर पोसलेली गॅरेजेही थांबली. पुढे लिलावातून काही पट्टे दिले गेले, तरी मधल्या वर्षांत हात मोडले ते मोडले. इकडे पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ झाला. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. तरुणांना नवे मार्ग मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या हातांना इंजिनाच्या आवाजावरून रोग कळत असे, त्या हातांखाली शिकावयास कोण येणार, हा प्रश्न तसाच राहिला. आमराईत, गोठ्याच्या मागे, वेलींनी झाकलेल्या जुन्या जीपगाड्या या प्रश्नाची वाट पाहत उभ्या आहेत.

आता व्यवहाराकडे वळू. जो कोणी अशी गाडी उभी करू इच्छितो, त्याने पहिला पाना उचलण्यापूर्वी काय करावे? देवालयाचा एक चिरा हलवावयाचा तरी आपण देवाचा कौल घेतो. गाडीच्या बाबतीत हा कौल कागदपत्रांचा. चासीवर ठोकलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतो की नाही हे आधी पाहावे. न जुळणारी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. ही फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरील मोटारींस २०२५ साली १०,००० रुपये ठरविण्यात आली. हिशेबात हा आकडा प्रथम लिहावा.

दुसरे, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवावे. कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करण्यास हे कलम बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. १९७०-८० च्या दशकांत मिस्त्री सहज करीत असलेली इंजिनांची अदलाबदल आज परवानगीवाचून करता येत नाही. जुन्या काळी डिझेल बसविलेल्या गाडीची तशी नोंद पुस्तकात झाली आहे की नाही, हे म्हणूनच पाहावयाचे. ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात आहे त्यांच्यासाठी जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम झाले. तशा गाडीस दहा वर्षांची स्वतंत्र नोंदणी मिळते, परंतु ती रोजच्या वापरास नसते.

कौल अनुकूल मिळाला की परीक्षा. गाडीची परीक्षा रंगावरून करू नये. आपल्याकडचा पाऊस आणि खारे वारे लोखंडाला आतून खातात, आणि वरचा रंग ते लपवितो. गवंडी चिऱ्यावर टकटक करून त्याचा आवाज ऐकतो, त्याप्रमाणे लहान हातोडीने चासीच्या दोन्ही आडव्या तुळया टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहाव्या. आवाज खणखणीत आला तर लोखंड जिवंत आहे. बद्द आला तर आत पोकळ गंज आहे. कमानपाटे ज्या कड्यांत अडकतात ती जागा, स्टिअरिंगची पेटी जेथे बसते ती जागा, आणि अंगाचा पत्रा जेथे चासीला बोल्टने धरलेला असतो त्या जागा विशेष पाहाव्या. चासी हे गाडीचे पीठ आहे. ते शाबूत असेल तरच बाकीच्या खर्चास अर्थ.

इंजिनाची परीक्षा दाबमापकाने करावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. मग चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजावा. तेलाने दाब वाढला तर दोष रिंगांचा व सिलिंडरच्या झिजेचा. न वाढला तर व्हॉल्व्हचा समजावा. या एका परीक्षेने अर्धा खर्च वाचतो, कारण पुष्कळदा व्हॉल्व्ह घासून बसविल्याने काम भागत असता अजाणतेपणे सबंध इंजिन उतरविले जाते.

यानंतर वही घालावी. महाजनांच्या जमाखर्चाप्रमाणे या वहीत प्रत्येक रुपयाची नोंद असावी. हाती शंभर रुपये आहेत असे धरले, तर आमच्या मते त्यांतील तीस रुपये ब्रेक, स्टिअरिंग व टायर यांस, पंचवीस चासी व पत्राकामास, पंचवीस इंजिन व गिअरपेटीस, दहा विजेच्या तारांस लावावे. उरलेले दहा अडीअडचणीसाठी बाजूस ठेवावे. रंग या हिशेबात स्वतंत्र दिसत नाही, कारण तो पत्राकामाचा शेवटचा भाग आहे, आरंभ नव्हे. बहुतेकांचा पैसा संपतो तो या क्रमाच्या उलट गेल्यामुळे. आधी झगमगीत रंग, रुंद टायर व शिंग्यांसारखे दिवे. मग ब्रेकसाठी काही उरत नाही.

काम खोलताना घाई करू नये. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, बोल्ट निरनिराळ्या डब्यांत घालून डब्यावर नाव लिहावे. जुन्या विलीस जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. हे न जाणणाऱ्यांनी पुष्कळ बोल्ट तोडले आहेत. शिवाय मूळ जीप इंची मापाची, तर नंतरचे प्यूजो डिझेल इंजिन मिलिमीटरच्या मापाचे. तेव्हा पान्यांचे दोन्ही संच हवेत. इंची बोल्ट मिलिमीटरच्या पान्याने फिरविला की त्याचे कोपरे जातात, आणि पुढल्या खेपेस छिन्नी लागते.

जिवाची काळजी सर्वांत आधी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी घोड्या लावाव्या. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात म्हणून तेच टेकूस लावण्याची सवय आहे. ती सोडावी. चिरा भिंतीत भार घेतो. एका कोपऱ्यावर जोर आला तर तो काही न सांगता फुटतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. तिची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ऋतूचाही विचार हवा. उघडा पत्रा पावसाळ्यात रंगविला की ओल आत कोंडते आणि वर्षाच्या आत फोड येतात. पावसाळ्यात छपराखाली इंजिन, गिअरपेटी, ब्रेक ही कामे करावी. दिवाळी उलटल्यावर गंज खरवडून, सडका पत्रा कापून नवा जोडावा. आणि माघातल्या कोरड्या हवेत रंग द्यावा. शिगम्यापर्यंत गाडी रस्त्यावर येते. मागे आपली घरे शाकारणीही या पंचांगाप्रमाणेच करीत.

सुधारणा कोणती करावी आणि कोणती करू नये, हा नाजूक प्रश्न आहे. येथे आपल्या देवळांचाच दाखला घ्यावा. गर्भागाराबाहेर वीज आली, पाण्याची सोय झाली, ते योग्यच झाले. त्याने समई विझली नाही. परंतु अनेक ठिकाणी कोरीव लाकडी खांबांचा सभामंडप पाडून सिमेंटचा उभारण्यात आला, आणि नंतर हळहळ करण्याखेरीज काही उरले नाही. गाडीचेही तसेच. जुन्या जीपच्या ब्रेकची नळी एकच असे. एके ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जात. तेथे दुहेरी मास्टर सिलिंडर बसविणे ही खरी सुधारणा. पट्टे, मागचे ठळक दिवे, युद्धकालीन गाडीत ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टची वीज, याही तशाच. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविणे उत्तम, मात्र वाहतूक कार्यालयास विचारून. आणि डिझेल गाडीत ब्रेकला बूस्टर लावावयाचा असेल तर निर्वात पंपही लागतो, कारण डिझेल इंजिन पेट्रोलसारखी ओढ स्वतः निर्माण करीत नाही. उलट, मापाबाहेरचे मोठे टायर घातले की इंजिनाचा जोर कमी पडतो, वेगदर्शक खोटा वेग दाखवितो, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची ताकद अपुरी ठरते. त्यास सुधारणा म्हणता येणार नाही.

पेट्रोल जीपच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. देशात २००० सालापासून शिसेरहित पेट्रोल आहे, आणि आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे खाते आणि हवेतील ओल टाकीत ओढून घेते. म्हणून इंजिन बांधताना व्हॉल्व्हची बैठक कठीण धातूची करून घ्यावी, इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करावी.

सर्वच जुन्या गाड्या वाचविता येतात असे मात्र कोणी समजू नये. भग्न मूर्तीचे आपण आदराने विसर्जन करतो. ती पुन्हा पूजेस ठेवीत नाही. ज्या चासीचा आवाज सर्वत्र बद्द येतो, ज्या गाडीची कागदपत्रे कोणत्याही मार्गाने जुळत नाहीत, तिच्यावर पैसा ओतणे ही भक्ती नव्हे, आसक्ती होय. तिचे चांगले अवयव काढून दुसऱ्या गाडीस द्यावे आणि बाकीचे रीतसर मोडीत काढावे. एका गाडीच्या भागांवर दुसरी जगली, तर पहिलीचेही सार्थक झाले.

या साऱ्यात खरी मोलाची वस्तू कोणती? गाडी नव्हे. लोखंड कोठेही मिळते. मोलाचे आहे ते त्या मिस्त्री मंडळींचे ज्ञान, जे टंचाईच्या काळात या मातीत उगवले आणि ज्याची एक ओळही कोठे लिहिलेली नाही. डिचोली आणि पेडणे येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे मोटार दुरुस्तीचे शिक्षण मिळते, आणि आजच्या गाड्यांसाठी ते आवश्यकच आहे. पण कमानपाट्याला किती तापवावे, बुश किती सैल ठेवावे, कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. ज्या तरुणाने गाडी उभी करावयास घेतली आहे त्याने अशा एखाद्या जुन्या मिस्त्रीस मानाने घरी बोलवावे, त्याच्या हाताखाली काम करावे, आणि तो जे सांगेल ते आपल्या जमाखर्चाच्या वहीतच शेजारच्या पानावर लिहून ठेवावे. मराठीत लिहावे, कोंकणीत लिहावे, ज्या भाषेत तो बोलेल त्या भाषेत लिहावे. दसऱ्यास गाडीला आंब्याचे टाळे व रोजांच्या माळा घालतो, तेव्हा त्या वहीचीही पूजा व्हावी. गाडी आणखी वीस वर्षे चालेल वा न चालेल. वही पुढच्या पिढीस उपयोगी पडेल.